चिलटाची चतुःसीमा

चिलटाचा पंख काढायचा असेल तर डोक्यावरचा पंखा बंद करावा लागतो. चिलटाचा पंख जेमतेम एक मिलिमीटरचा. आपण नाकातून जरा जोरात श्वास सोडला तरी तो टेबलावरून नाहीसा होतो, आणि एकदा गेला की शोधायच्या भानगडीत पडू नये. भंडारा जिल्ह्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, दारं-खिडक्या लावून, टेबललॅम्पखाली मान वाकवून ज्याला दोन-तीन तास बसता येईल त्यानेच या किड्यांच्या नादी लागावं. मला बसता येतं. साकोलीच्या पुढे एका गावात मी भाड्याने राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि जेवणं आटोपली की घरमालकांच्या गुरांच्या कोठ्यातून पकडलेली चिलटं वेगळी करत बसते.

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं ही नव्हेत. ही चावणारी. कुळ सेराटोपोगोनिडी, गट क्युलिकॉइडिस, लांबी एक ते तीन मिलिमीटर. या एकाच गटात जगभरातून तेराशेहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. चावते फक्त मादी, कारण अंडी पोसायला तिला रक्त लागतं. नर फुलातल्या गोडव्यावर भागवतो. मादीचे जबडे दातेरी असतात. ती कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते, म्हणून अंगाच्या मानाने तिचा चावा फार आग करतो. मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येते. उडण्यात मात्र कच्ची. दिवस मावळताना आणि फटफटताना, वारा पडलेला असेल तेव्हाच तिचा धंदा जोरात चालतो. कोठ्यात साधा टेबलफॅन लावला तरी गुरांना बराच आराम पडतो, पण हे सांगून काही उपयोग झालेला नाही. आमच्याकडे संध्याकाळी निंबाच्या पाल्याची धुरी होते, आणि धुरानं चिलटांआधी माझेच डोळे जातात.

घरमालकांना मी काकाजी म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. त्यांच्या कोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि तिचं वासरू. त्याच कोठ्याच्या आढ्याला मी सापळा टांगते. अतिनील दिवा, त्याखाली हवा ओढणारा लहानसा पंखा, आणि पंख्याखाली पाण्याचं भांडं, त्यात साबणाचा एक थेंब. दिव्याला भुललेले किडे पंख्यापाशी आले की खाली खेचले जातात. वाचायला सोपं आहे. पण ही धानाची पट्टी आहे, आणि धान निसवायच्या दिवसांत इथे रात्रीचा कुठलाही दिवा तुडतुड्यांनी भरतो. पहिल्यांदा भांडं उचललं तेव्हा वर हिरवट-तपकिरी थर होता. काकाजी वाकून बघत म्हणाले, "हे तं सारे तुडतुडे होत जी मॅडम. माह्या बांधीतला माल हाय हा." मग त्यांनी त्यातच बोट फिरवून यंदा फवारणी करावी लागणार की नाही याचा अंदाज घेतला. माझं अभ्यासाचं साधन त्यांच्यासाठी कीड-सर्वेक्षण झालं, आणि तेव्हापासून सापळ्याच्या विजेचा हिशेब आमच्यात कधी निघाला नाही.

तुडतुडे, पतंग, पाण्यातले भुंगे असं सगळं बाजूला काढलं की तळाशी काळपट भुकटी उरते. ती भुकटी म्हणजे चिलटं. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मग त्यांचे पंख दिसतात. करड्या पंखावर फिकट ठिपके, काहींचे मोठे, काहींचे कडांशी विरलेले, काहींच्या पंखावर ठिपकाच नाही. ठिपक्यांची मांडणी बघून बऱ्याच जाती ओळखता येतात. पोटही काही सांगतं. एकदा अंडी घालून झालेल्या मादीच्या पोटाच्या कातडीत रेड वाइनसारखा लालसर रंग उतरतो. डाइस यांनी १९६९ साली हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून पोट न फाडता कळतं की ही मादी आधी कुठेतरी रक्त पिऊन आलेली आहे, म्हणजे रोग घेऊन आलेली असू शकते. साध्या रंगावरून एवढं कळावं, ही गोष्ट मला अजून दरवेळी खूश करते.

रोगाचं म्हणावं तर चिलटांच्या अभ्यासाला जोर आला तो रोगामुळेच. प्रेमापोटी यांच्याकडे बघणारे थोडेच. मेंढ्यांना ब्लूटंग नावाचा रोग होतो. ताप, तोंडाला फोड, सुजून काळीनिळी पडलेली जीभ, खुरांजवळ सूज, लंगडणं. हा विषाणू चिलटं पसरवतात हे दक्षिण आफ्रिकेत डू टॉइट यांनी १९४४ साली सिद्ध केलं. भारतातली या रोगाची पहिली नोंद १९६४ सालची आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातलीच. गाईम्हशींना याच विषाणूची लागण होते पण बहुतेक वेळा बाहेरून काही दिसत नाही. गोठ्यात सगळं ठीक, आणि त्याच गोठ्यातून रक्त पिऊन गेलेली चिलटं शेजारच्या कळपाला आजारी पाडतात. पूर्व विदर्भात मेंढ्या राखणारे कुरमार आहेत, शेळ्या तर घरोघर. गाईबैलांना होणारा तिवा, तो तीन दिवसांचा ताप, त्याच्या प्रसारातही डासांबरोबर चिलटांकडे बोट दाखवलं जातं.

आता खरा पेच असा की चिलटं म्हटल्यावर नेमकी कुठली? सगळ्या जाती सारख्या नसतात. एक जात गुरांवरच तुटून पडते, दुसरी पक्ष्यांच्या मागे असते. एक जात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या, गुरांनी तुडवलेल्या शेणमिश्रित चिखलात वाढते, दुसरी थेट शेणात, तिसरी झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात. आणि एक आहे क्युलिकॉइडिस अनॉफेलिस, एडवर्ड्सने १९२२ साली नाव दिलेली, जी रक्त पिऊन टम्म झालेल्या डासाच्या पोटात सोंड खुपसून त्याचं रक्त पिते. चोरावर मोर ही म्हण इथे लावायचा मोह मला नेहमी होतो आणि वर्गात मी तो आवरत नाही. सांगायचं हे की रोग कोण आणतं, ते कुठे वाढतं आणि त्याला अडवायचं कुठे, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर जातीच्या नावाशी अडतं. नाव चुकलं तर चिखल उपसायचा तिथे आपण शेण उचलत बसू.

माझ्या टेबलावर सध्या काही माद्या आहेत, ज्या कुठल्याच कुंजीत, म्हणजे एकेक लक्षण ताडत जातीच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, बसत नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेला, शिरांनी बनलेल्या दुसऱ्या कोठडीच्या पलीकडे, जो फिकट ठिपका असायला हवा तो यांच्यात नाही. त्याच्या खाली एक आहे, जो असायला नको. तेवढं पाहून कुणालाही वाटेल की नवी जात सापडली. वर्तमानपत्रात तर एवढ्यावर बातमी येते. "विदर्भात सापडली नवी प्रजाती", खाली किड्याचा मोठा केलेला फोटो, त्याखाली संशोधकाचा फोटो, बहुधा किड्याच्या फोटोपेक्षा मोठा. मला या बातम्यांचा राग येत नाही, पण त्या वाचून असं वाटतं की नवी जात ही वाटेत पडलेली असते आणि कुणीतरी ती उचलते. प्रत्यक्षात सापडणं हा या कामाचा सगळ्यात क्षुल्लक भाग. सापळा लावला की काही ना काही सापडतंच. उरलेलं सगळं काम शेजाऱ्यांचं आहे.

शेजाऱ्यांचं म्हणजे काय, ते शेतीच्या खरेदीखतात बघावं. तिथे शेताचं वर्णन शेतावरून करत नाहीत. माती कशी, विहिरीला पाणी किती, आंब्याला गोडी किती, हे काही नसतं. असते ती चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची बांधी, पश्चिमेस पांदण, उत्तरेस नाला, दक्षिणेस बोडीची पाळ. शेत कोणतं हे त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतं. नव्या जातीच्या वर्णनात पानंच्या पानं मापं असतात, पण जाणकार वाचक आधी उघडतो तो परिच्छेद चतुःसीमेचा असतो. ही जात अमक्या जातीच्या जवळची, पण तिच्याहून या ठिपक्याने वेगळी. तमक्या जातीसारखी स्पर्शिका, पण शुक्रकोश, म्हणजे मादीच्या पोटातली वीर्य साठवायची पिशवी, लांबट. अशा जवळच्या सगळ्या जाती घेऊन प्रत्येकीशी धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, आखून दाखवावा लागतो. एक जरी शेजारी राहिला तरी उद्या कुणीतरी म्हणणार की बाई, ही तर त्याचीच जमीन.

आणि शेजाऱ्यांचे कागद कसे आहेत म्हणाल, तर आमच्या गावच्या जुन्या नोंदींसारखेच. आपल्याकडच्या चिलटांतलं एक मोठं नाव म्हणजे क्युलिकॉइडिस ऑक्सिस्टोमा. दुसरं क्युलिकॉइडिस पेरेग्रिनस. दोन्ही १९१० सालची, दोन्हींचं वर्णन करणारा झां-झाक किफर. हा एक कॅथलिक पाद्री, लोरेन प्रांतातल्या बिच नावाच्या लहानशा गावात शिकवायचा. तो प्रांत तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. तिथे बसून त्याने जगभरातून आलेल्या चिमुकल्या किड्यांची वर्णनं लिहिली, हजारो जातींना नावं दिली. कोलकात्याचे नमुनेही त्याच्याकडे गेले आणि त्यांची वर्णनं इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात फ्रेंचमध्ये छापून आली. तेव्हा ही चिलटं कायरोनोमिड, म्हणजे न चावणाऱ्या डासवजा माश्यांच्या कुळातच धरली जायची. किफरची वर्णनं वाचताना आदर आणि चिडचीड एकदमच होते. काही ओळींत जात संपते. रंग असा, पंखावर ठिपके असे, पुढची जात. शुक्रकोशाची मापं नाहीत, स्पर्शिकेवरचे सूक्ष्म खळगे नाहीत, कारण त्या काळी ते कुणी बघतच नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या समोर तेव्हा शेजारीच कमी होते. मोकळ्या रानात पहिलं शेत काढणाऱ्याला चतुःसीमा लिहायची गरज पडत नाही.

गरज नंतरच्यांना पडते. एंडरलाइनने १९०८ साली आफ्रिकेतल्या चिलटांवरून शुल्टझाय नावाची जात लिहिली होती. दिसायला ती आपल्या ऑक्सिस्टोमाच्या इतकी जवळ की बराच काळ आपल्याकडच्या ऑक्सिस्टोमाची नोंद शुल्टझाय म्हणून होत राहिली. जुन्या भारतीय लेखांत शुल्टझाय दिसलं की आता थांबून विचारावं लागतं, लेखकाने पाहिलं ते नेमकं काय? रोगाच्या अभ्यासात ही गोष्ट साधी नाही. एका जातीच्या नावावर दुसरीचे गुन्हे चढलेले असतात. पुढे वर्थ आणि ह्युबर्ट यांनी १९८९ साली आग्नेय आशियातल्या क्युलिकॉइडिसचा पसारा एका जाडजूड पुस्तकात आवरला, त्याचा आपल्यालाही आधार मिळाला. पण मध्य भारतातल्या गावात बसून त्या कुंजीवरून चालत गेलं की एखाद्या पायरीवर दोन्हीकडची लक्षणं समोरच्या चिलटात अर्धी-अर्धी दिसतात. अशा वेळी कुंजी मिटावी आणि चहा करावा.

काकाजींना मी हे सगळं एकदा सांगितलं होतं. त्यांच्या धुऱ्याचं भांडण तेव्हा चालू होतं. मोजणीवाला येऊन गेला होता आणि त्याने शेजारच्या गटाच्या दगडापासून माप धरलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "पन मॅडम, बाजूवाल्याचा दगडच हालला असन तं?" मी म्हटलं, तेच तर. मग बाजूवाल्याच्या बाजूवाल्याचा दगड शोधायचा. "मंग तं जिल्हाच मोजा लागन जी," असं म्हणून ते उठले. वर्गीकरणशास्त्रावर याहून नेमकं बोललेलं मी कुठल्या परिषदेत ऐकलेलं नाही. एका चिलटाला नवं म्हणायचं तर गटातली सगळी जुनी चिलटं परत मोजावी लागतात. म्हणून तर नव्या जातीचे लेख वर्षानुवर्षं अडतात, आणि अडावेतही.

त्याआधी आणखी एक शंका फेडावी लागते. समोरचं चिलट वेगळं आहे की नुसतं विचित्र? थंडीत वाढलेली चिलटं अंगाने मोठी भरतात, उन्हाळ्यातली बारकी. म्हणजे पंखाची लांबी एका हंगामातल्या नमुन्यांवरून ठरवता येत नाही. काहींच्या पोटात सूत्रकृमी वाढतो, आणि अशा आजारी चिलटांत नर-मादीची लक्षणं एकमेकांत मिसळतात. टिकवण्यासाठी अल्कोहोलच्या बाटलीत ठेवलेल्या आणि तिथे जास्त दिवस पडलेल्या चिलटांचे ठिपके फिके होतात. म्हणून एका नमुन्यावर नवी जात उभी करणाऱ्यांची मला भीती वाटते. नियम त्याला मनाई करत नाहीत, आणि शंभर वर्षांपूर्वी ते सर्रास चालायचंही. पण वेगळेपणा एकीत दिसला तर तो तिचा, अनेकींत दिसला आणि मधल्या पायऱ्या दिसल्या नाहीत तरच तो जातीचा. पोळ्याच्या सुमाराला धरलेल्या आणि दिवाळीनंतर धरलेल्या माद्यांत हा ठिपका सारखाच नाहीसा आहे, एवढं आता मला कळलं आहे. हे पुरेसं नाही. पण झोप उडवायला तेवढं पुरतं.

स्लाइड करणं हा या कामातला माझा आवडता भाग, आणि सगळ्यात धोक्याचा. चिलट फिनॉलमध्ये ठेवून पारदर्शक करायचं. फिनॉल कातडीवर सांडलं तर पोळतं, आणि लगेच दुखत नाही म्हणून जास्त घातक. मग सुयांनी चिलटाचे तुकडे करायचे. पंख वेगळे, डोकं वेगळं, पायांसकट छाती वेगळी, पोट वेगळं. प्रत्येक तुकडा कॅनडा बाल्समच्या थेंबात, त्यावर काचेचा बारका कपचा. कॅनडा बाल्सम हा उत्तर अमेरिकेतल्या एका देवदारवर्गीय झाडाचा डिंक. वाळला की तो काचेइतकाच पारदर्शक होतो आणि प्रकाश जवळपास काचेइतकाच वाकवतो, म्हणून आतला तुकडा अधांतरी असल्यासारखा स्वच्छ दिसतो. ही रीत वर्थ आणि मार्स्टन यांनी १९६८ साली लिहून ठेवली, अजून तीच चालते. वाळायला आठवडे लागतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर त्याहून जास्त, आणि तेवढ्यात मुंग्यांना स्लाइडचा शोध लागतो.

मग मोजणी. स्पर्शिकेला दांड्याचे तेरा मणके असतात. शेवटच्या पाचांची लांबी भागिले आधीच्या आठांची लांबी, हे एक गुणोत्तर. तोंडाशेजारच्या गालमिशीच्या तिसऱ्या भागाची लांबी भागिले रुंदी, हे दुसरं. त्याच भागावर वास घेणारा खड्डा आहे का, असला तर एकच खोल की उथळ विखुरलेला. डोळे मध्ये एकमेकांना टेकतात की फट आहे, डोळ्यांच्या पैलूंमध्ये केस आहेत की नाहीत. जबड्याचे दात किती. मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला काट्यांची ओळ असते, त्यातले काटे किती आणि सगळ्यात लांब कितवा. पोटात शुक्रकोश, बहुतेक जातींत दोन मोठे आणि एक खुरटलेला, त्यांचा आकार, मान, आणि नळीवरची कडी. एवढं एका चिलटाचं. मग दुसऱ्याचं. मला हे कंटाळवाणं वाटत नाही, उलट मन शांत होतं, पण दात मोजताना मोबाइल वाजला की परत पहिल्यापासून.

विद्यार्थी विचारतात, मॅडम, सरळ डीएनए का नाही करत? करायचाच आहे. २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने जाती ओळखायला सुचवलेला डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेतला की माझ्या माद्या एकमेकींच्या किती जवळ आणि इतरांपासून किती लांब हे कळेल. चिलट न चिरडता, नुसतं द्रावणात बुडवून डीएनए काढता येतो आणि उरलेल्या सांगाड्याची स्लाइड करता येते, ही त्यातली फार छान सोय. दिसायला एकच वाटणाऱ्या चिलटांत दोन-तीन जाती लपलेल्या असतात हे आपल्याला डीएनएमुळेच कळलं. पण डीएनए शेजाऱ्याशीच ताडून बघायचा असतो. संगणकातल्या साठ्यात ज्या तुकड्यावर ऑक्सिस्टोमा लिहिलंय ते नाव कुणीतरी माझ्यासारख्यानेच, रात्री पंखा बंद करून, कुंजी बघून घातलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ नमुन्यातून डीएनए बहुधा मिळत नाही. म्हणजे फिरून परत बाजूवाल्याच्या दगडापाशी.

हा दगड म्हणजे होलोटाइप. जातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं तो. मी लिहिलेल्या वर्णनात चूक निघेल, माझी मापं कुणी खोडून काढेल, चित्र वाईट आहे म्हणेल. नाव मात्र त्या एका स्लाइडपाशी राहील, आणि ज्याला माझं म्हणणं पटत नाही त्याने जाऊन ती बघावी. २००० सालापासून लागू असलेल्या नामकरणाच्या नियमांत तर हा नमुना कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे छापल्याशिवाय नव्या जातीचं नाव ग्राह्यच धरत नाहीत. आपल्या देशात वर २००२ चा जैविक विविधता कायदा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि तिथे नमुने जमा करायचे. प्राण्यांसाठी ती म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, १९१६ सालची जुनी संस्था, मुख्यालय कोलकात्याला, आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे जबलपूर किंवा पुणे. आमच्या प्राचार्यांच्या मते पहिला नमुना कॉलेजच्याच कपाटात राहायला हवा, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती आली की दाखवायला. मी त्या कपाटातल्या बुरशीने खाल्लेल्या फुलपाखरांकडे पाहिलं आणि काही बोलले नाही.

नावाबद्दल सगळ्यांकडे सूचना आहेत. गावाचं नाव द्या, जिल्ह्याचं द्या, आमदारांचं द्या म्हणजे मायक्रोस्कोप तरी मिळेल. काकाजींच्या घरच्या काकूंनी विचारलं की म्हशीला चावणाऱ्या किड्याला माणसाचं नाव दिलं तर त्या माणसाला राग नाही का येणार. यातलं काहीच मी अजून मनावर घेतलेलं नाही. नाव हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे, आणि ते आधीच सुचलेलं असलं की मापंही त्या बाजूला झुकायला लागतात.

अडलंय ते नरावर. माझ्याकडे सगळ्या माद्या आहेत. कोठ्यातला सापळा रक्ताच्या वासाने आलेल्या माद्यांनाच जास्त गोळा करतो, हे त्यामागचं साधं कारण. आणि चिलटांत जवळच्या दोन जातींमधला धुरा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो नराच्या जननेंद्रियांत. माद्यांवरून वर्णन छापून मोकळं होणारे लोक आहेत, त्यातले काही चांगले अभ्यासकही आहेत. पण ऑक्सिस्टोमा-शुल्टझायचा घोळ वाचल्यावर मला तो धीर होत नाही. पुढे कुणाला दुसऱ्या गावात नर सापडला तर त्याने तो कुणाच्या नावावर लावायचा?

नर ओळखू कसा येतो, असं काकाजींनी विचारलं तेव्हा मी त्यांना दुसऱ्या एका जातीच्या नराची झुबकेदार स्पर्शिका सूक्ष्मदर्शकात दाखवली. बराच वेळ त्यांनी डोळा हलवला नाही. मग म्हणाले, "अशे तं सांजच्याला तनशीच्या ढिगावर नाचत रायतेत. ढीगच्या ढीग. चावत नाही जी ते." हे खरं असू शकतं. चिलटांचे नर संध्याकाळी एखाद्या उठून दिसणाऱ्या वस्तूवर थवा करून उडतात आणि माद्या त्या थव्यात येतात. दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन तणसाच्या ढिगापाशी उभी राहिले. थवा होता, पण जाळीत आले ते बहुतेक न चावणारे कायरोनोमिड, किफरने चिलटांना ज्यांच्यात घातलं होतं तेच. काकाजींना मात्र ते पटलेलं नाही. त्यांच्या मते मी ढिगाच्या चुकीच्या बाजूला उभी होते.

आता दुसरी वाट धरली आहे. बोडीच्या काठचा, म्हशी बसतात तिथला चिखल खरवडून आणला आहे आणि सपरीत परातींमध्ये ठेवला आहे, वर मलमलीचं कापड बांधून. त्यात अळ्या आहेत. पाण्याचा थेंब टाकला की पांढऱ्या धाग्याचा तुकडा वळवळत पोहत जातो, तो चिलटाच्या अळीचाच, ती चाल दुसऱ्या कुणाची नाही. कोश झाले की दोन-तीन दिवसांत पंखवाले बाहेर येतील, नर-मादी दोन्ही, आणि एकाच चिखलातून निघालेली असल्याने जोडी लावायला आधारही मिळेल. अळ्यांना किती आठवडे लागतील ते त्यांच्यावर आणि थंडीवर. चिखल वाळू द्यायचा नाही, बुडवायचाही नाही. काकूंना वास सहन होत नाही. "सपरीत चिखल ठेवून कोनी डागदर होते काय जी?" असं त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेताने. धान चुरून झालं की पोती ठेवायला सपरी लागणार आहे. तोवर पराती ठेवायला त्यांनी परवानगी दिली आहे.